पुण्यात लार्पचा गट चालवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की आमच्याकडे विचारणा सुरू होते. कुणाला कोथरूडमध्ये गट काढायचा असतो, कुणाला वाकडला, कुणाला हडपसरला, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपतात. ज्या विषयात जितकी डोकेदुखी तितकी जागा त्याला दिली आहे.

लार्प म्हणजे काय, एका दमात सांगा.

कल्पित जगातलं एक पात्र घ्यायचं, त्याला शोभेल असा वेश करायचा आणि खेळ संपेपर्यंत त्याच पात्राच्या तोंडून बोलायचं, सौदे करायचे, दगे द्यायचे, लढायचं. प्रेक्षक नाहीत, संहिता नाही. लढाई फोमच्या शस्त्रांनी होते, पण कोण पडणार हे आधी ठरलेलं नसतं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास १९७७ मध्ये डॅगोरहिर या नावाने असा खेळ सुरू झाला. इंग्लंडमध्ये १९८२ मध्ये चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप सुरू झालं. जर्मनीत आता उन्हाळ्यात हजारो माणसं तंबू ठोकून काही दिवस हेच करत असतात. उत्तर युरोपात याची एक वेगळी शाखा वाढली. तिच्यात तलवार असेलच असं नाही, चार माणसं एका खोलीत बसून कौटुंबिक भांडणही खेळतात. त्यातही मजा आहे, पण हे पान तलवारवाल्यांसाठी आहे.

म्हणजे मर्दानी खेळच की!

नाही. मर्दानी खेळात लाठी, दांडपट्टा, तलवार ही हत्यारं वस्तादांच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकतात. आमच्याकडे नवा माणूस सकाळी साडेसहाला येतो आणि आठ वाजता लढत असतो. लाठीकाठी शिकलेली मुलं येतात तेव्हा त्यांचे पवित्रे बघत राहावेत असे असतात, पण हात राखून मारायला सगळ्यात आधी त्यांनाच सांगावं लागतं. अंगवळणी पडलेला जोर एका सकाळीत सुटत नाही.

सुरुवातीला किती माणसं हवीत?

आठ ते पंधरा. चारपाच जणांत लढाईचा सराव होईल, खेळ होणार नाही. दोन बाजू पाडल्या की फितूर व्हायला कुणी उरतच नाही. पंचविसाच्या वर गेलात की पंच नेमावे लागतात आणि पंच व्हायला कुणी राजी नसतं. पहिल्या हंगामात जाहिरात करू नका. मित्र आणि मित्रांचे मित्र पुरे. अनोळखी दहा जण एकदम आले तर तुमच्या गटाची रीत त्यांना लागण्याऐवजी त्यांची तुम्हाला लागते.

घाव लागला की नाही, हे कोण ठरवतं?

ज्याला लागला तो. मारणाऱ्याने "लागलं, लागलं!" असं ओरडायचं नाही, बघणाऱ्याने बोट दाखवायचं नाही. ज्याच्या अंगावर फोम टेकला त्याने स्वतः "मानलं!" म्हणायचं आणि त्या घावाचा परिणाम भोगायचा. हे एक बसलं तर बाकीचं सगळं सांभाळून घेता येतं. हे नाही बसलं तर कितीही सुंदर तलवारी आणि कितीही चांगलं मैदान असलं तरी गट दिवाळीपर्यंत टिकत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. दोघे भिडलेत. एकाने घोळदार अंगरखा घातलाय. समोरच्याची तलवार बरगडीच्या बाजूने जाते, कापड हलतं, अंगाला कदाचित लागतं, कदाचित नाही. अर्धा सेकंद तो माणूस थांबतो. त्या अर्ध्या सेकंदात त्याच्या मनात खटला उभा राहतो: कापडालाच तर लागलं, शिवाय माझा वार आधी बसला होता, शिवाय काल याने तरी कुठे मानलं होतं. बहुतेक जण वकिली करण्यात हुशार असतात, पुण्यात तर जरा जास्तच. म्हणून आमचा नियम असा की कापडाला लागलं म्हणजे अंगाला लागलं, आणि शंका आली म्हणजे लागलंच. खटला चालवायला वेळच ठेवायचा नाही.

न मानणाऱ्यापेक्षा मोठा त्रास त्याच्या समोरच्याचा असतो. दोन वार मानले नाहीत की तिसरा वार तो जोरात घालतो, "आता तरी कळेल" म्हणून. आमच्याकडे दिसलेल्या हाणामारीच्या बहुतेक दुखापतींची सुरुवात इथे आहे. त्यामुळे "जोरात मारू नका" असं दहादा बजावून उपयोग होत नाही, न मानणाऱ्याशी बोलावं लागतं. पहिल्यांदा चहाच्या टपरीवर, बाजूला घेऊन, चारचौघांत नाही. दुसऱ्यांदा त्या दिवसापुरतं त्याला राक्षस करायचं. राक्षसांचं कामच मरण्याचं असतं, दिवसभर मरून सवय होते. तिसऱ्यांदा घरी.

आणि गट चालवणाऱ्याने स्वतः मस्त मरायला शिकावं. लटपटत जाऊन, कुणाचं तरी नाव घेऊन, भुईवर सपशेल पडावं. म्होरक्या हसत हसत मेला की नव्या मुलांना मरण्यात कमीपणा वाटत नाही. रडीचा डाव खडी, हे सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असतं, फक्त मोठेपणी पुन्हा आठवून द्यावं लागतं.

लढाईचे नियम किती गुंतागुंतीचे ठेवावेत?

एका पानात मावले पाहिजेत. दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत प्रत्येकाला ठरावीक प्राण असतात, तीन किंवा पाच, आणि दर घावाला एक जातो. दुसरीत अवयव जातात: हाताला लागलं तर तो हात पाठीमागे, पायाला लागलं तर गुडघ्यावर, धडाला लागलं किंवा दोन अवयव गेले तर मृत्यू. आम्ही दुसरी वापरतो, कारण लढताना आकडेमोड करावी लागत नाही आणि लांबून बघणाऱ्यालाही कोणाची काय अवस्था आहे ते दिसतं. डोकं, मान आणि जांघ यांवर वार नाही, चुकून बसला तरी मोजायचा नाही. फटका मनगटातून मारायचा, खांद्यातून नाही. मेलेल्याने हात डोक्यावर ठेवून ठरलेल्या झाडापाशी जायचं, शंभरपर्यंत मोजायचं आणि परत यायचं. मेलेल्याने बोलायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.

खेळ मधेच थांबवायचा झाला तर?

"टाइमप्लीज!" दुसरा शब्द शोधू नका. "थांबा" चालत नाही, कारण खेळातला राजा दिवसातून दहा वेळा "थांबा!" म्हणतो. टाइमप्लीज कुठलाच राजा म्हणणार नाही, आणि लहानपणी गल्लीत खेळलेल्या प्रत्येकाचे पाय तो ऐकून आपोआप थबकतात. एकाने म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं, हत्यार खाली, एक गुडघा जमिनीवर. चष्मा पडला, घोटा मुरगळला, फिरायला आलेले आजोबा मैदानाच्या मधून चालले, कुत्रं घुसलं, या सगळ्याला एकच आरोळी. टाइमप्लीजचा वापर मार चुकवायला केला तर तो माणूस मेलेला धरायचा.

शस्त्रं कशी बनवायची? सामान कुठे मिळतं?

आत एक दांडा, त्यावर जाड फोम, त्यावर कापड. इतकंच आहे, पण प्रत्येक थरात लोक गडबडतात.

दांड्यासाठी पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप (गरम पाण्याच्या नळांना वापरतात तो प्लास्टिकचा) किंवा फायबरग्लासची सळी. वायरिंगचा पातळ पाइप घेऊ नका, तो तडकला की कडा सुरीसारख्या होतात. बांबू, वेत, झाडूचा दांडा अजिबात नको. जोरात मारल्यावर कपची निघते आणि फोममधून बाहेर येते. पाइपची दोन्ही टोकं बुचाने बंद करायची, नाहीतर उघडं टोक महिन्याभरात आतून फोम कापत जातं.

फोमसाठी सोपा मार्ग म्हणजे एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर चढवतात ती काळी रबरी नळी. हार्डवेअरमध्ये किंवा एसीचं काम करणाऱ्याकडे मिळते, पाइपवर मोज्यासारखी चढते. पातं चपटं आणि देखणं हवं असेल तर ईव्हीए फोमची शीट घ्या. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या जोडायच्या चटया त्याच मालाच्या असतात. दहा मिलिमीटरच्या शीटचे दोन थर दांड्याच्या दोन्ही अंगांना येतील असे चिकटवायचे. टोकाला दांड्याच्या पुढे किमान दोन इंच नुसता फोम हवा. थर्माकोल वापरू नका, पहिल्याच घावाला त्याचा चुरा होतो आणि मैदानभर पांढरे मणी वेचत बसावं लागतं.

चिकटवायला रबरी गोंद, सुतार सनमायका लावायला वापरतात तो. दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. घाई करणाऱ्यांच्या तलवारी दुसऱ्या रविवारी उकलतात. हे काम गच्चीवर करा, बंद खोलीत डोकं गरगरतं.

पाइप, बुचं, गोंद, टेप यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, ढालीला प्लायवूडचे तुकडे हवे असतील तर भवानी पेठ. वेशासाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा: चामडी पट्टे, पितळी कड्या, जुन्या सैन्यातल्यासारख्या पिशव्या, सगळं हाताला लागतं. लक्ष्मी रोडला कापडाचे उरलेले तुकडे मिळतात. नाटकवाल्यांच्या ड्रेपरीकडून भाड्याने वेश आणता येतो, पण तो मळवून, फाडून परत दिलात तर पुढच्या वेळी दारात उभं करणार नाहीत. सामान दोघातिघांनी मिळून घ्या. शीट मोठी येते, एकट्याच्या तलवारीला तिचा थोडाच भाग लागतो.

शस्त्राची तपासणी कशी करता?

बनवणाऱ्यावरच. त्याने पाठ करून उभं राहायचं आणि गटातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याच शस्त्राने त्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला तीन फटके मारायचे, लढाईत मारतो त्याच जोराने. तो हसत वळला तर शस्त्र पास. तोंड वाकडं झालं तर परत घरी. मग अंगठ्याने टोक दाबून बघायचं: आतला दांडा बोटाला जाणवला तर टोक बाद. शेवटी मूठ सोडून सगळं पातं दोन्ही हातांनी चाचपायचं, गोंद कुठे सुटलाय का, टेपची कड कुठे टोचते का. हे दर खेळाआधी. मागच्या रविवारी पास झालं होतं, ही सबब चालत नाही, कारण मधल्या आठवड्यात ती तलवार कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत वाकून पडलेली असते.

मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत शस्त्रं ठेवू नका, गोंद मऊ पडतो. टोकावर उभी करून ठेवू नका, टोक चेपतं. खिळ्याला आडवी टांगा.

परदेशी लेटेक्सच्या तलवारी मागवाव्यात का?

दिसायला अप्रतिम असतात. पण माल, कुरिअर आणि सीमाशुल्क मिळून जो आकडा होतो त्यात आख्ख्या गटाची शस्त्रं इथे बनतात. आधी एक हंगाम खेळा, मग ठरवा.

धनुष्यबाण? जादू? घोडे?

घोडे नाहीत.

धनुष्यबाण पहिल्या वर्षी नकोत. बाहेरच्या देशांत जिथे चालतात तिथे बाणाचं फोमचं डोकं डोळ्याच्या खोबणीत जाणार नाही इतकं रुंद असतं आणि धनुष्याचा ताण साधारण ३० पौंडांच्या आसपास मर्यादित असतो. असे बाण घरी नीट बनवणं अवघड आहे आणि बाण चुकला की तो माघारी बोलावता येत नाही. लांबून लढायची हौस असेल तर फोमचा, आत काहीही कडक नसलेला फेकायचा सुरा करा.

जादूसाठी मूठभर बाजरीची कापडी पुरचुंडी. मांत्रिकाने मंत्र पूर्ण म्हणायचा आणि मग पुरचुंडी फेकायची. ज्याला लागेल त्याच्यावर परिणाम. मंत्र अडखळला तर जादू फुकट. पुरचुंडी फुटली तर चिमण्या-पारवे मैदान साफ करतात, आणि पावसाळ्यात विसरलेल्या पुरचुंडीतून कोंब आलेलेही आम्ही पाहिलेत.

मैदान कुठलं घ्यावं? टेकडीवर खेळलं तर?

पुण्यात हाच खरा राक्षस आहे.

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी बघून प्रत्येक नव्या गटाला वाटतं की जागा तर तयारच आहे. झाडी, दगड, पायवाटा, वर मोर. पण त्यातली बरीच हद्द वनखात्याची आहे आणि पहाटेपासून तिथे फिरायला येणाऱ्यांचा राबता असतो. त्यांना तिथे शांतता हवी असते आणि तिच्यावर त्यांचा हक्क आपल्याआधीचा आहे. शिवाय ढाल घेऊन झुडपांत धावताना घरटी, रोपं, पाणवठे तुडवले जातात. टेकडीवर चालत जावं, खेळू नये.

किल्ल्यांवर तर नाहीच नाही. जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. इतरही अनेक किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी बुरुजावर खवीस नाचताना बघून गडावर येणाऱ्या माणसाला राग येणं साहजिक आहे.

महापालिकेच्या बागांत तलवारबाजीला रखवालदार हरकत घेतो, आणि बरोबर घेतो, लहान मुलं असतात. राहतात तीन पर्याय. पहिला, शाळेचं किंवा सोसायटीचं मैदान, लेखी परवानगी घेऊन, रविवारी सकाळी. मुख्याध्यापकांना किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना "फँटसी कॉम्बॅट" वगैरे सांगू नका. "वेशभूषा करून मैदानी खेळ, फोमची साधनं" असं लिहा, सोबत एक तलवार घेऊन जा आणि त्यांच्याच हातात द्या. तलवार हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा बदलतोच. दुसरा, क्रिकेटची टर्फ तासावर भाड्याने. ती सरावाला चांगली, पण जाळीत जंगल कुठून आणणार? तिसरा आणि सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे मुळशी, भोर, पानशेतकडचं कुणाच्या तरी ओळखीतलं शेत, सुगी झाल्यावर.

शेतावर जाणार असाल तर आदल्या दिवशी एकाने जाऊन चालून या. ज्वारीची धसकटं तशीच उभी असतील तर तिथे लढाई नको, पडणाऱ्याच्या मांडीत घुसतात. उघडी विहीर, विजेचं कुंपण, पाटाचं पाणी, आग्या मोहोळ कुठे आहे ते बघा आणि त्याभोवती दोरी बांधा. दगड उचलताना काठीने आधी हलवून बघा, आपल्या भागात घोणस असते. आणि गवतातल्या कुसळांसाठी मोज्यांचा जास्तीचा जोड प्रत्येकाने आणावा. कुसळं भरलेले मोजे घालून कुणीही वीर राहत नाही.

पोलिसांनी अडवलं तर?

शस्त्र कायद्याच्या (१९५९) नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर वगैरे धारदार शस्त्रं येतात. फोमचं पातं त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी आदेश निघतात. त्यात शस्त्रं, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला आणि पाच किंवा त्याहून जास्त जणांनी जमायला बंदी असू शकते. असा आदेश चालू असेल तर खेळ पुढे ढकला, वाद घालू नका. शहरात कोयत्याच्या बातम्या झाल्यापासून नाकाबंदीवरचा हवालदार स्कूटरवरून बाहेर डोकावणाऱ्या मुठीकडे दुर्लक्ष करणार नाही, आणि त्याने करूही नये.

म्हणून शस्त्रं कायम चेन लावलेल्या क्रिकेट किटच्या पिशवीत. वेश मैदानावर जाऊन चढवायचा. पिशवीत परवानगीच्या पत्राची प्रत. अडवलं तर पिशवी स्वतः उघडायची, "साहेब, फोम आहे, दाबून बघा" म्हणायचं. आणि चंदेरी रंगाची तलवार परजत रस्त्यावर रील काढायचं नाही. फोनच्या पडद्यावर फोम आणि पोलाद यांत फरक दिसत नाही, आणि तसल्या रीलवरून लोकांना पोलिस ठाण्यात बोलावणं आलेलं आहे.

कथा शिवकालातली ठेवली तर किती रंगेल!

नको. ज्या काळातल्या माणसांच्या नावाने इथे लोक रोज हात जोडतात त्या काळात कुणाला तरी शत्रू करावं लागणार, कुणीतरी हरणार, कुणाच्या तरी तोंडी भलतंच वाक्य जाणार. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. पूजेत असलेली दैवतंही वगळा, म्हणजे म्हसोबा, साती आसरा आणि वेताळसुद्धा, त्याचं टेकडीवर देऊळ आहे.

याचा अर्थ युरोपातले एल्फ आणि ड्रॅगन जसेच्या तसे उचलावेत असाही नाही. सह्याद्रीचा भूगोल घ्या आणि माणसं कल्पित ठेवा. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेणं आहे, लेख आहेत आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. एवढ्यावर अख्खा हंगाम चालतो: एक घाटवाट, एक रांजण, मीठ घेऊन वर येणारे तांडे, जकात वसूल करणारी टोळी आणि ती बुडवणारी टोळी. आम्ही झेंड्याऐवजी रांजणच लढाईचं ठिकाण ठेवतो. खेळ संपताना रांजणात ज्या टोळीच्या कवड्या जास्त, तिचा घाट. भुतांची तर आपल्याकडे ददातच नाही. खवीस, समंध, झोटिंग, हडळ, आणि सगळ्यात उपयोगी चकवा. चकव्याला हत्यारच लागत नाही, तो फक्त गटातल्या शेवटच्या माणसाला हळूच खांद्याला स्पर्श करतो आणि तो माणूस भलत्या वाटेने चालू लागतो.

पार्श्वभूमीचा इतिहास दोन पानांपेक्षा जास्त लिहू नका. कुणी वाचत नाही. लिहायची खाज असेल तर अफवा लिहा, एकेक ओळीच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी द्या. एक "मिठाच्या गोणीत मीठ नाही" एवढी चिठ्ठी दोन तासांची कारस्थानं घडवते.

सगळ्यांना नायक व्हायचंय. राक्षस कोण होणार?

ज्याच्यावर राज्य येईल तो. प्रत्येक खेळाचे दोन डाव करा आणि पहिल्या डावात जे भुतं-दरोडेखोर होते ते दुसऱ्यात प्रवासी. यातून कुणालाही सूट नाही, गट काढणाऱ्यालाही नाही आणि त्याच्या खास मित्रांना तर मुळीच नाही. काही महिन्यांत गंमत होते: चांगले खेळाडू आपणहून राज्य मागतात, कारण राक्षसाला जिंकायची काळजी नसते, नुसता धुमाकूळ घालता येतो.

मला अभिनय येत नाही.

उत्तम. एकांकिका गाजवलेली मंडळी सुरुवातीला प्रेक्षक शोधत राहतात. तुमचं पात्र म्हणजे तुम्हीच, फक्त एक गरज आणि एक खोड वेगळी. "मला आजच्या आज पैसे हवेत आणि मी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही", बास. भाषेचं मात्र सांगून ठेवतो. वेश चढला की दर दुसरा माणूस ऐतिहासिक नाटकातलं बोलू लागतो, "आम्ही असं ऐकून आहोत" वगैरे. अर्ध्या तासात त्याचीच दमछाक होते. घरी बोलता तसं बोला. हिंजवडीकडचे मराठी न येणारे सहकारी आले तर त्यांना परमुलखातले व्यापारी करा. मोडकं मराठी तिथे शोभून दिसतं आणि त्यांचं मराठीही सुधारतं.

मुली येतात का? त्यांच्यासाठी काय वेगळं करावं लागतं?

येतात, आणि तुमचा गट नीट चालला तर टिकतात. कपडे बदलायला बंद जागा, स्वच्छतागृह असलेलं मैदान आणि शेतावरून परतताना कोण कुणाच्या गाडीत हे आधी ठरलेलं, या तीन गोष्टी तलवारींआधी बघा. खेळात पकडणं, ओढणं, मिठी, काहीही अंगाला हात लावून करायचं असेल तर विचारून, सगळ्यांसाठी सारखं. "ती मुलगी आहे म्हणून हळू मार" असं म्हणणाऱ्याला सांगा की सगळ्यांनाच हळू मारायचंय.

माझा मुलगा नववीत आहे, त्याला घ्याल का?

सोळाच्या आतल्यांना आम्ही मोठ्यांच्या लढाईत घेत नाही. आईबाबांपैकी कुणी सोबत असेल तर कच्चा लिंबू म्हणून निरोप्या, वैद्याचा चेला, चकवा अशी कामं देतो. घाव मोजायचा नाही, पण चिठ्ठ्या पोहोचवायच्या. अर्धी कारस्थानं या पोरांनीच फोडलेली असतात.

नोंदणी, वर्गणी, हिशेब?

पंधरा मित्रांच्या गटाला नोंदणी लागत नाही. पुढे मोठं व्हायचं ठरलंच तर संस्था नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय कार्यालयाची कागदपत्रं दरवर्षी करावी लागतात. त्यासाठी एक चिकाटीचा माणूस हवा, तो सहसा तलवारवाला नसतो. वर्गणी खेळाआधी यूपीआयने, हिशेब त्याच रात्री ग्रुपवर. उशीर केलात की दहा रुपयांवरून कुजबुज सुरू होते.

वर्षात कधी खेळायचं?

दसऱ्यापासून होळीपर्यंत. खंडेनवमीला आम्ही फोमच्या तलवारी एका चटईवर मांडून झेंडू वाहतो आणि हंगाम सुरू करतो. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी सर्वांत छान, पण लग्नसराईत माणसं गळतात, ते गृहीत धरा. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर अंगरख्यात भाजून निघता, तेव्हा फक्त पहाटेचा सराव. जूनपासून मैदानात चिखल, आणि त्यानंतर गणपतीपर्यंत मोकळी जागा म्हटली की ढोल-ताशा पथकांचा सराव. आमचे तीन मोहरे तेव्हा तिकडेच असतात. पावसाळा शस्त्रं दुरुस्त करायला आणि घरात बसून खेळायच्या दरबारी डावांना ठेवा.

इजा कितपत होते?

तलवारीने क्वचित. घोटा मुरगळणं, गुडघा खरचटणं, बोटावर फटका, ऊन लागणं, हे नेहमीचं. पट्टी, क्रेप बँडेज, ओआरएस, बर्फाचा डबा आणि एक रिकामी गाडी एवढं प्रत्येक खेळाला हवंच. रुग्णवाहिकेसाठी १०८ लक्षात ठेवा, आणि शेतावर फोनची रेंज कुठे येते ते आधी शोधून ठेवा. चष्मा असेल तर मागून पट्टा. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवायचं. डोक्याला मार बसून माणूस गोंधळलेला वाटला तर खेळ तिथेच थांबवून थेट दवाखाना, "बरं वाटतंय" हे त्याचं म्हणणं ऐकायचं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नियमांवरून रात्री बारापर्यंत भांडणं होतात. काय करू?

ग्रुपवर नियमांची चर्चा बंद. नियम फक्त मैदानावर, खेळ संपल्यावर, चहाच्या आधी बदलायचे. चहा लांबणीवर पडतोय म्हटल्यावर मुद्दे आपोआप आटोपशीर होतात.

घरचे विचारतात, याचा उपयोग काय?

आमच्या एका खेळाडूच्या आईने आधी हेच विचारलं होतं. आता त्या काकू सगळ्यांच्या अंगरख्यांना अस्तर लावून देतात आणि कुणाचा शिवणीचा धागा नीट नाही यावर बोलतात. उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही.

तुमचे नियम आम्ही जसेच्या तसे वापरले तर चालेल?

खुशाल वापरा. फक्त टोळ्यांची नावं आणि घाटाचा नकाशा तुमचा करा, तुमच्या खेळाडूंना स्वतःचं काहीतरी हवं. झाडापाशी शंभर मोजायचा नियम आमच्या मैदानाच्या मापाने आहे. तुमचं मैदान लहान असेल तर पन्नास पुरे, नाहीतर अर्धी माणसं झाडाखालीच उभी दिसतील.